नोंदवायचा राहिलेला विरोध

फोन आला तेव्हा मी निर्मलासाठीच एक पत्र टाईप करत होते. चौथा मसुदा. आधीच्या तिन्हींत काही ना काही खटकलं होतं, म्हणून सकाळी अंघोळ उरकून शांतपणे बसले होते. फोनवर तिची भाची शुभदा होती. "मावशी, आत्या गेली. पहाटे चहा ठेवायला उठली, ओट्यापाशीच…" मी तिला विचारलं, डॉक्टर येऊन गेले का, कुणाकुणाला कळवलंस, पादरा गावाहून तुझे आईबाबा निघाले का. सगळे योग्य प्रश्न योग्य क्रमानं विचारले. फोन ठेवला आणि पुन्हा टेबलापाशी जाऊन ते अर्धं राहिलेलं वाक्य पूर्ण केलं. ज्या बाईला ते पत्र द्यायचं होतं ती आता नाही, हे वाक्य संपल्यावर माझ्या लक्षात आलं.

अनय, मीरा, या गोष्टीला आता पाच आठवडे झाले. वर्तमानपत्राच्या पुरवणीच्या संपादकांनी निर्मलावर लिहा म्हटलं आणि मी हो म्हटलं, पण लिहिताना डोळ्यांसमोर तुम्ही दोघंच आहात, एक टोरांटोला आणि एक मेलबर्नला. तुम्ही तिला पानवाली आजी म्हणायचात. ती मला 'एकमतबाई' म्हणायची, तेही तुम्ही ऐकलं आहे. "काय एकमतबाई, नातवंडं आली वाटतं?" असं म्हणतच ती जिना चढायची. मीरा, तू एकदा विचारलंस, हे कसलं नाव? मी म्हटलं, आमची कॉलेजातली थट्टा आहे. ती थट्टा नव्हती. ती काय होती ते सांगितल्याशिवाय निर्मलाबद्दल काही लिहिणं मला जमेल असं वाटत नाही. गेले पाच आठवडे दुसरं काहीही जमत नाही आहे. कपाटं दोनदा आवरून झाली.

ती वनस्पतिशास्त्र शिकवायची, मी रसायन. दोघींच्या विभागांमध्ये एक लांब व्हरांडा होता आणि त्याच्या टोकाला तिची खोली, हर्बेरियमची. वाळवून, कागदावर शिवून ठेवलेल्या झाडांच्या फांद्या, पानं, फुलं, अशा हजारो कागदांनी भरलेली लोखंडी कपाटं. काही कागद संस्थानच्या काळातले. तिचे स्वतःचे नंतरचे. डभोईच्या छोट्या आगगाडीनं ती विद्यार्थ्यांना घेऊन जायची, तलावाकाठी, शेताच्या बांधांवर, आणि संध्याकाळी परतायची ती साडीला काटे आणि पिशवीत अख्खं रान घेऊन. मी एकदाच गेले होते बरोबर. ऊन लागलं, पाय मुरगळला. "तू आपली प्रयोगशाळेतच शोभतेस, तिथे काहीच वाढत नाही," असं म्हणून तिनं मला झाडाखाली बसवलं आणि पाण्याची बाटली माझ्याकडे देऊन स्वतः तहानलेली हिंडत राहिली.

आता ते नाव जिथून आलं त्या बैठकांबद्दल. तेव्हा विद्यापीठातले बरेचसे निर्णय शिक्षकांच्या सभांमध्ये व्हायचे. भांडणं व्हायची, चहा थंड व्हायचा, पण व्हायचे तिथेच. आमच्या फॅकल्टीच्या बैठकीचं इतिवृत्त लिहिण्याचं काम डीनसाहेबांनी माझ्याकडे दिलं होतं, कारण मी कॉन्व्हेंटात शिकलेली, माझं इंग्रजी स्वच्छ. मला ते काम आवडायचं. तीन तासांचा गोंधळ मी दीड पानात बसवायची. निर्मला जवळजवळ प्रत्येक बैठकीत एकदा तरी उठून म्हणायची, "माझा विरोध नोंदवा." लोक हसायचे. मीही पहिल्या खेपेला तो बहुतेक वेळा गाळायचीच. मग कच्चा मसुदा तिच्याकडे जायचा, ती पेन्सिलीनं समासात लिहायची 'मी कुठे आहे यात?' आणि तो परत आला की मी दुरुस्त करायची. वर्षानुवर्षं आमचं असंच चाललं होतं. तिला विरोध करायची सवय, मला तो आधी गाळायची.

त्या वर्षी गांधीनगरहून पत्र आलं. सरकारचा हात आखडता होता. जी पदं बरीच वर्षं रिकामी आहेत त्यांचं अनुदान यापुढे मिळणार नाही, तेव्हा कोणती पदं सोडून देता येतील त्याची यादी प्रत्येक फॅकल्टीनं द्यावी. बदल्यात अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर काही शिक्षक घेता येतील. आमच्या यादीत हर्बेरियम सांभाळणाऱ्या माणसाचं पद होतं. तो गृहस्थ निवृत्त झाल्यापासून ते भरलंच गेलं नव्हतं. निर्मला उभी राहिली आणि बराच वेळ बोलली. तिचं एक वाक्य मला शब्दशः आठवतं. "ही पदं आपल्याला नको आहेत म्हणून रिकामी नाहीत, भरू दिली नाहीत म्हणून रिकामी आहेत. आणि आता रिकामी आहेत म्हणून ती नको आहेत, असं आपल्याच हातानं लिहून द्यायचं?" मग नेहमीसारखं, "माझा विरोध नोंदवा." या वेळी कुणी हसलं नाही. यादी मात्र मंजूर झाली. बाहेर पडताना डीनसाहेब मला म्हणाले, "बेन, टूंकमां राखजो." थोडक्यात ठेवा, एवढंच. त्यांनी मला काही गाळायला सांगितलं नव्हतं, हे मी मुद्दाम इथे लिहिते आहे.

मी लिहिलं: चर्चेनंतर यादी एकमताने मंजूर.

मसुदा तिच्याकडे गेला त्या आठवड्यात तिची आई दवाखान्यात होती. तो पेन्सिलीच्या खुणेशिवाय परत आला. मला तेव्हाच थांबायला हवं होतं. पुढच्या बैठकीत डीनसाहेबांनी रीतीप्रमाणे विचारलं, मागच्या इतिवृत्तात कुणाला काही सुधारणा? निर्मला माझ्या समोरच बसली होती. तिची फाईल उघडलेलीसुद्धा नव्हती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि हलकेच मान हलवली, म्हणजे तू लिहिलंयस ना, मग ठीक आहे. त्या दोन-चार क्षणांत मी म्हणू शकले असते की साहेब, एक राहिलं आहे. मी पुढच्या विषयाचा कागद वर काढला. इतिवृत्त कायम झालं.

सहा महिन्यांनी ते पद राखावं असा अर्ज घेऊन ती एकटी गांधीनगरला गेली. दुपारच्या बसनं परतली ती दांडिया बजारला आपल्या घरी न जाता थेट वासण्याला, आमच्याकडे. दारातच उभी राहिली.

"तिथल्या साहेबांनी कागद काढून दाखवला. म्हणाले, बेन, आ तो तमारी ज फॅकल्टीनो ठराव छे, बधा सहमत हता. हा तर तुमच्याच फॅकल्टीचा ठराव, सगळे सहमत होते म्हणे. मी काय बोलले होते त्या दिवशी, आठवतं तुला?"

"आठवतं."

"मग?"

"निर्मला, लांबलं असतं ते फार…"

"लांबू द्यायचं होतंस."

तुमच्या आजोबांनी तिला पाणी दिलं. ते तिनं उभ्यानंच प्यायलं, भांडं नीट ट्रेमध्ये ठेवलं आणि गेली. त्यानंतर वर्षभर आली नाही. आली तेव्हा हातात कडुनिंबाच्या फुलांची डहाळी होती आणि तोंडात ते नाव. "काय एकमतबाई, पाडव्याला कडुनिंब आणलात की नाही?" मी हसले, ती हसली, आणि आम्ही दोघींनी ठरवल्यासारखं त्या विषयावर पुन्हा बोलणं टाळलं. निवृत्तीनंतरही ती दर बुधवारी हर्बेरियममध्ये जायची. पगार नाही, पद नाही. कपाटांतल्या डांबराच्या गोळ्या बदलायची, कीड लागलेले कागद वेगळे करायची. मनुभाई शिपाई तिला कुलूप उघडून द्यायचे. अधूनमधून ती मला "येतेस?" विचारायची आणि माझं त्या दिवशी नेमकं काहीतरी काम असायचं.

पुढे विद्यापीठाचा कायदा बदलला. निवडून येणाऱ्या सभासदांच्या सभा गेल्या, नेमलेल्या लोकांचं मंडळ आलं. मी सोसायटीच्या बागेत कुणालातरी म्हटलंही, भांडणं तरी थांबतील. निर्मलाला कळलं असतं तर…

जायच्या दहा दिवस आधी तिनं मला घरी बोलावलं. खुर्चीत बसली होती, जरा सुकलेली, पण जीभ तशीच. हर्बेरियमची खोली कॉम्प्युटर लॅबसाठी घ्यायचं चाललं आहे, कागद तळघरात जातील, एका पावसाळ्यात संपतील, असं तिला कळलं होतं. फाईलवर शेरा होता की ते पद सोडलं म्हणजे फॅकल्टीनं हा संग्रहच एकमतानं सोडून दिलेला आहे. ती अर्ज करणार होती.

"मला तुझं एक पत्र हवंय. त्या दिवशी मी विरोध केला होता आणि तो लिहायचा राहिला, एवढंच. दोन ओळी."

"देते. नीट टाईप करून देते."

"नीट नको. आत्ता दे. हा घे कागद."

"अगं, तारीख, बैठकीचा क्रमांक, सगळं बघायला लागेल. घरी जुन्या डायऱ्या आहेत."

तिनं पुढे केलेला कागद घडी घालून मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "बरं. बघ." आणि शुभदाला चहा टाकायला सांगितला.

त्या दहा दिवसांत मी डायऱ्या काढल्या, वर्षवार लावल्या, क्रमांक शोधला. पहिल्या मसुद्यात 'अनवधानाने राहिले' असं लिहिलं, ते खोटं होतं. दुसऱ्यात कारणं दिली, ती फार झाली. तिसऱ्यात ती नुसतीच माफी झाली, कामाची नव्हती. दोन ओळी… ती गेल्यावर आठवड्यानं मी चौथा मसुदा फाडला आणि हातानं लिहिलं: 'त्या बैठकीत डॉ. निर्मला यांनी विरोध केला होता व तो नोंदवण्यास सांगितले होते. मी तो गाळला. यादी एकमताने मंजूर झालेली नव्हती.' खाली सही. ते घेऊन फॅकल्टीत गेले, तिथल्या आवक विभागातल्या क्लार्कबेननी ते उलटसुलट पाहिलं. त्या म्हणाल्या, "बेन, ए मीटिंग ज हवे क्यां छे? सुधारो कोण करशे?" ती बैठकच आता उरली नाही, दुरुस्ती करणार कोण. मी म्हटलं, फाईलला लावून ठेवा. त्यांनी शिक्का मारला आणि प्रत मला दिली. खोलीचं काय ठरलं ते मला अजून कळलेलं नाही. दर सोमवारी फोन करते.

तिथून मी व्हरांड्यानं टोकापर्यंत गेले. बुधवार होता. मनुभाईंनी कुलूप काढलं आणि म्हणाले, "बेनचं काम तसंच आहे, कोणी हात नाही लावला." टेबलावर झाडं दाबायच्या दोन लाकडी चौकटी पट्ट्यांनी आवळलेल्या होत्या. शेवटच्या बुधवारी तिनं लावलेल्या. मी पट्टे सोडले. आतले कागद रोज बदलावे लागतात, एवढं मला माहीत होतं. ते कुणी बदलले नव्हते. एक वेल होती, पानं काळी पडलेली, कडेला बुरशी. माझा हात सवयीनं केराच्या टोपलीकडे गेला. मनुभाई बघत होते.

मी खुर्ची ओढून बसले. खणात कोरी लेबलं होती, चार ओळींची: वनस्पतीचं नाव, ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव. वेलीचं नाव मला माहीत नाही. ती कुठून आणली, कधी, तेही नाही. पेन काढून मी शेवटच्या ओळीवर निर्मलाचं पूर्ण नाव लिहिलं आणि लेबल कागदाच्या कोपऱ्याला चिकटवलं. वरच्या तीन ओळी तशाच रिकाम्या ठेवल्या. मग मनुभाईंना विचारलं की डांबराच्या गोळ्या कुठल्या डब्यात असतात.