जुन्या चुलीचं ढेकूळ

नवरा गेल्यावर सासरच्यांनी मला माझ्याच चुलीपासून उठवलं. पुढे आमगावच्या बाजारात तांदूळ विकून मी स्वतःचं घर घेतलं आणि आधी स्वयंपाकघराचं काम काढलं. सारवलेली जमीन नको, फरशीच हवी, म्हणून रेल्वेनं आलेली फरशी व्यापाऱ्याशी दिवसभर भांडून मिळवली. जुनं काहीच नको होतं.

चूल घालायला एक म्हातारी आली. तिचं नाव मी विचारलं नाही. तंबाखूची गोळी गालात धरून ती तळहातानं माती थापटत होती.

"नव्या मातीत मिसळाले जुन्या चुलीचं ढेकूळ आण," ती म्हणाली. "त्याच्याबिगर मी चूल घालत नाई."

मी भडकले. "त्याइच्या घरची माती माह्या घरात कायले?"

"त्याइची कशी वं? रोज लाकूड कोण जाळे?"

"मी."

"मंग ते माती भाजली कोणं?"

घासाघीस करण्यात माझी हयात गेली, पण जे आपलंच आहे त्याचा भाव करायचा नसतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

भर दुपारी कुदळ आणि टोपली घेऊन मी सासरी शिरले. चुलीवर वरण शिजत होतं. ते खाली उतरवून एका घावात चुलीचा कोपरा पाडला.

दीर धावत आले. "काय नेऊन राहिल्या, वहिनी?"

"माही चूल."

मी परतले तेव्हा ढेकळांनी भरलेली टोपली म्हातारीनं पाहिली. "एवढी कायले आणली वं? मूठभर पुरते."

"सगळी घाल," मी म्हटलं.