वहिनींच्या वाट्याचं ऊन पाणी

"आत्या, आई गेली," दिलीप फोनवर म्हणाला. मग जरा थांबला आणि म्हणाला, "आणि लाईट बी गेलीया…" माझा भाचा रडत होता हे नक्की. पण नेमका कशासाठी, हे मला साताऱ्याहून कवठे महांकाळच्या वाटेला लागल्यावरही ठरवता येईना. शालनवहिनी, माझ्या मधल्या भावाची बायको, अशा अचानक जातील असं कुणाच्या मनात नव्हतं. आदल्या आठवड्यात फोनवर माझ्या गुडघ्यांची चेष्टा करून झाली होती. आणि आता ही बातमी, तीसुद्धा विजेच्या बातमीला चिकटून आलेली.

भाऊ फौजेतून निवृत्त होऊन गावी आला, तेव्हा त्यानं कुपवाडच्या एका वर्कशॉपमधून अंडी उबवायचं मशीन करून आणलं होतं. मशीन म्हणजे पत्र्याचं कपाटच, आत बल्ब आणि पंखा. हौस त्याची, निगा मात्र वहिनींच्या गळ्यात पडली. भाऊ गेला तेव्हा ह्या बाईच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं, आणि पुढं एकदा लाईटपायी मशीनमधली अंडी गार पडली, तर दोन दिवस जेवल्या नाहीत. याची संगती मला तेव्हा लागली नाही, अजूनही लागत नाही. मी एकदा रागानं म्हटलंही, "वहिनी, माणसांपेक्षा तुम्हाला कोंबड्या जवळच्या." त्यावर त्या हसल्या. "वन्सं, माणसं थंडी वाजली तर सांगत्यात. ही कुठं सांगत्यात?"

लाईट गेली की त्यांचा अवतार बघण्यासारखा असे. मशीनवर गोधड्या पडत, पाणी उकळून बाटल्यांत भरलं जाई, बाटल्या फडक्यात गुंडाळून आत ठेवल्या जात, आणि दार उघडणाऱ्याची धडगत नसे. आमचे हे लग्नानंतर पहिल्यांदाच जावई म्हणून गेले होते. दुपारी लाईट गेली आणि एका बाटलीचं पाणी आत सांडलं. वहिनींनी भिजलेल्या बाजूची अंडी काढली आणि थेट ह्यांच्यापुढं येऊन विचारलं, "पाव्हणं, मांडी मोकळी हाय न्हवं?" शालीखाली अंडी घेऊन बिचारे लाईट येईपर्यंत हलले नाहीत. चहासुद्धा मी पाजला. पुढं जन्मभर हे त्या गावाला जायचं म्हटलं की आधी लाईटची चौकशी करत.

मी पोचले तेव्हा वहिनींना बाहेर ओसरीवर आणून ठेवलं होतं. माझीच वाट बघणं चाललं होतं. लाईट अजून आली नव्हती. पौषातलं बोचरं वारं सुटलेलं. मयत उठेपर्यंत आमच्या आळीत कुणाच्याच घरी चूल पेटत नाही, त्यामुळं कुठं धूर नव्हता. अंगणात तीन दगडांवर तेवढं एक पातेलं होतं, वहिनींच्या शेवटच्या आंघोळीच्या पाण्याचं. दिलीप सारखा उठून मागच्या खोलीत जात होता. बायका म्हणाल्या, लेकराला सोसंना. मी त्याच्या मागं गेले, तर तो गोधडीखाली हात घालून उभा. "आत्या, परवा फुटायची हायती. बाटल्या कवाच्याच गार झाल्या. आई म्हणाली हुती, आता ह्यांना गारठा लागू दिऊ नगं…" आई दारात आणि हा अंड्यांपाशी. मला त्याला जवळही घ्यावंसं वाटलं आणि दोन लगावाव्यात असंही वाटलं.

तेवढ्यात अक्का आत आल्या. अक्का म्हणजे आमच्या थोरल्या वहिनी. कोंबड्यांनी त्यांच्या वाळवणात पाय घातल्यापासून दोघी जावांचं बोलणं बंद होतं. एकच अंगण, पण एकमेकींच्या सावलीला उभ्या राहायच्या नाहीत. अक्कांनी कुणाला न विचारता मशीन उघडलं, एक अंडं काढलं आणि स्वतःच्या मिटलेल्या पापणीला लावलं. वहिनीही अगदी असंच करत. ह्या कधी शिकल्या, कुणाला ठाऊक. "गार पडाय लागलंय," एवढंच म्हणाल्या, रिकाम्या बाटल्या ओच्यात घातल्या आणि अंगणात जाऊन सरळ पातेल्यात तांब्या बुडवला.

"आगं अक्का, मयताचं पानी हाय त्ये!" चुलतघरातली एक म्हातारी ओरडली.

"म्हाईत हाय. तिला आता कसली थंडी वाजतीया?" अक्का म्हणाल्या आणि बाटल्या भरत राहिल्या. दिलीपनं बाटल्या आत नेल्या. पातेल्यात तळाला राहिलेल्या पाण्यात अक्कांनी गार पाण्याची घागर ओतली आणि त्याच पाण्यानं आम्ही वहिनींना न्हाऊ घातलं. पाणी जेमतेम कोमट होतं. जन्मभर कढत पाण्यानं आंघोळ करणारी ती बाई… तिच्या वाट्याचं ऊन पाणी आम्ही काढून घेतलं होतं. अक्कांचा मला भयंकर राग आला. त्यांच्या पाया पडावंसंही वाटलं. दोन्ही एकदम कसं वाटू शकतं, मला कळत नाही.

संध्याकाळी लाईट आली. तिसऱ्या दिवशी राख सावडून घरी परतलो तर मागच्या खोलीतून चिवचिव ऐकू येत होती. सगळीच अंडी फुटली नाहीत, पण पुष्कळ फुटली. भेटायला आलेल्या बायका गळा काढायच्या आणि मध्येच तो आवाज ऐकून गप्प व्हायच्या. सुतकात हसावं की नाही, कुणालाच सुचत नव्हतं. अक्का आत पिल्लांना कण्या घालत होत्या. मला म्हणाल्या, "वन्सं, बरूबर केलं न्हवं मी?" मी मान हलवली. ती होय म्हणून की कसं, हे त्यांनी विचारलं नाही. मलाही नीट सांगता आलं नसतं.

परवा साताऱ्यात भर दुपारी वीज गेली. मी उठले, गॅसवर पाणी ठेवलं, बाटलीत भरलं, फडक्यात गुंडाळलं आणि ती हातात घेऊन घरभर फिरले. ठेवायची कुठं? घरात एक अंडं नाही, कोंबडी नाही, आणि आता हेही नाहीत. शेवटी पदराखाली धरून खुर्चीत बसले. गावी मला रडू आलं नव्हतं. ते त्या खुर्चीत आलं. वीज आली तेव्हा बाटली गार झाली होती, तरी ती खाली ठेवायला माझं मन होईना.