हायपोच्या बाटलीचा दोरा

डिजिटल कॅमेऱ्याने काढलेले माझे हजारो फोटो हार्ड डिस्कवर पडून आहेत. त्यातला एकही मी दुसऱ्यांदा पाहिलेला नाही. त्यामुळे मामांचा जुना फिल्म कॅमेरा हाती आल्यावर मला साक्षात्कारच झाला, आणि पुढचे दोन महिने मी ऑफिसात सगळ्यांना पकवलं. मामांचा बुलढाण्यात फोटो स्टुडिओ होता. आता मामा नाहीत, पण डार्करूम आहे. तिथेच रोल धुवायचा असं ठरवून मामीला फोन केला.

"ये," मामी म्हणाली. "पण माहा एक फोटो काढ. तुह्या मामानं साऱ्या गावाचे काढले, मी धुतले. लग्नानंतर माहा एक नाही."

बुलढाण्याला रेल्वे नाही. मलकापूरला उतरायचं, चहा घ्यायचा आणि एसटीने मोताळ्यावरून राजूर घाट चढायचा. रोल न् केमिकल येतानाच आणा. एका रोलच्या किमतीत घरातल्या चौघांचं जेवण होतं, हे मात्र मामीला सांगू नका.

मी मोताळ्याला उतरून आधी रोहिणखेडची जुनी मशीद गाठली. दगडावरची नक्षी, तिरपं ऊन आणि एकेका फोटोसाठी पाच-पाच मिनिटं ताटकळणारा मी. सावलीत बसलेले एक चाचा उठून आले. "दिखाओ जरा."

मी कॅमेरा उलटा करून दाखवला.

"पीछे तो कुछच नहीं!"

"धुतल्यावर दिसेल, चाचा."

"धोने के बाद तो जो है वो भी जाएगा," म्हणत ते परत सावलीत गेले.

दुपारी मामीकडे ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा. डोळ्यांतून पाणी आलं, तरी मी तिसरी भाकरी घेतली. मग मामी जांभळी साडी नेसून, तोंडाला पावडर लावून खिडकीशी बसली. रोलचा छत्तिसावा फोटो तिचा.

डार्करूममध्ये आता कांदे आहेत. ते सरकवून मी अंधारात रोल डब्यात भरला. बाहेर मामीने माठाच्या पाण्यात दोन सरबताच्या बाटल्या गार करत ठेवल्या होत्या. एकीत फोटो उमटवणारा डेव्हलपर, दुसरीत उमटलेला फोटो पक्का करणारा हायपो. एकीच्या गळ्याला दोरा बांधलेला. मला वाटलं, दोरावाली पहिली. मी ती ओतली आणि इंटरनेटवर शिकल्याप्रमाणे डबा ऐटीत हलवू लागलो.

वास येताच मामी स्वयंपाकघरातून धावत आली. "काऊन रे, हायपो टाकला काय पहिले? दोरा हायपोले असते! अंधारात हाताले समजाव म्हणून!"

रोल बाहेर काढला. हायपो आधी पडल्याने छत्तीसच्या छत्तीस फोटो उमटण्याआधीच पुसले गेले, पट्टी काचेसारखी कोरी. चाचांचं म्हणणं खरं ठरलं. मामी साडी बदलून आली आणि कांदे जागेवर ठेवू लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सकाळी दुसरा रोल भरून मी तिच्या विनवण्या केल्या. "आता मी नाही बसत," म्हणाली, आणि तासाभराने जांभळी साडी नेसून आली. या वेळी धुवायचं काम तिने माझ्याकडे दिलंच नाही. "सरक बाजूले!" पाण्यात कोपर बुडवून पाहिलं, बाटल्या हातानेच ओळखल्या, आणि घड्याळाकडे एकदाही न बघता तिने रोल धुतला. अशी ऐट मला या जन्मी जमणार नाही.

वाळलेली पट्टी तिने खिडकीशी धरली आणि हसायलाच लागली. "पाह्य पाह्य! तोंड भुताचं, पण केस काळे!"

निगेटिव्हमध्ये तिचे पांढरे केस काळेभोर झाले होते.

"मामी, पुण्याला जाऊन मस्त छापून आणतो."

"नको छापू. छापला की पिकतीन पुन्हा."

तिने कात्रीने तेवढाच तुकडा कापला आणि बटव्यात ठेवला.

आता पुण्यात परत आलोय. रोलवर मशीद नाही, घाट नाही, बाकीचे फोटो हललेले. प्रवासवर्णन आहे आणि फोटो कुठेय, असं विचारू नका. या सहलीचा एकच चांगला फोटो आला, तो बुलढाण्यात एका बटव्यात आहे, आणि तो पाहायला मामीच्या खिडकीपाशीच जावं लागतं.