नलूआत्याचा पंप

नलिनी तुपे, राहणार गारखेडा, यांना पाणीचोर ठरवलं गेलं ते यंदाच्या संक्रांतीनंतर नळाला दुसऱ्यांदा पाणी आलं त्या सकाळी. आमच्या शहरात तारखा अशाच लक्षात राहतात. ठरवणारे त्यांच्याच इमारतीतले चौघे, आणि पुरावा काय, तर भिंतीतून ऐकू येणारी मोटारीची घरघर. ती माझी आत्या. तिला जाऊन महिना उलटला. जिन्याखालच्या फळ्यावर तिचं नाव अजून आहे.

मोटार होती, खरंच होती. पण ती नळाला नव्हती, समुद्राला होती. लासूर स्टेशनच्या शेतकरी घरातली आत्या एसटीच्या आरक्षण खिडकीवरून निवृत्त झाली आणि मैत्रिणींबरोबर मालवणला गेली. तोंडाला काच बांधून तिनं पाण्यात डोकं घातलं, आणि परत आल्यावर बैठकीतला सोफा काढून तिथं टाकी मांडली. खारं पाणी, दोन नारंगी मासे, खडकावर मऊ प्रवाळं... कुणी छत्रीसारखं, कुणी बोटांसारखं. शेजारी म्हणायचे, भाची नळासाठी मोर्चे काढते आणि आत्या घरात दर्या घेऊन बसलीय. आटलेलं पाणी भरायला, अधूनमधून बदलायला जे लागे ते ती स्वतःच्या वाट्यातून काढी, धुणं पुढं ढकलून. पंप तर टाकीतलंच पाणी टाकीत फिरवत होते. पण हे विचारायला वर कोण येणार?

धार कशी सोडायची, या एका प्रश्नानं तिला कधी स्वस्थ बसू दिलं नाही. पहिला पंप तिनं सरळ छत्रीवर रोखला, तर छत्री मिटली ती उघडेना. तोंड फिरवलं, तर खडकामागं गाळ बसून बोटं बुळबुळीत झाली. मग समोरासमोर दोन छोटे पंप लावले. तरी बोलताबोलता उठायची, एक बाही खांद्यापर्यंत सारायची, पाण्यात हात घालून पंप तीळभर वळवायची, चिमूटभर खाणं सोडून ते कुठं अडकतं ते बघत राहायची. एकदा मी तिला नवं पत्रक वाचून दाखवत होते आणि हिचा हात टाकीत. ऐकतेस ना, म्हटलं.

"ऐकते की. उद्गारचिन्हं लई झालीत. सगळी धार एकाच्याच तोंडावर. समोरचा मिटून घेतो गं."

"मग काय करू?"

"काचेवर मार. धार फुटून जाऊ दे. फिरून फिरून पोचतं बरोबर."

त्या सकाळी पाण्याला दाब नव्हता, वरच्या मजल्यावर थेंब चढेना. घरघर ऐकून चौघे वर आले. हेच पाणी फिरतं हो, असं ती सांगत राहिली; एवढं पाणी आलं कुठून, असं ते विचारत राहिले. दोन्ही पंप उपटून सोसायटीच्या ऑफिसात ठेवले, निकाल संध्याकाळच्या बैठकीत. दुपारी मी पोचले तेव्हा आत्या स्टुलावर बसून तांब्यानं टाकीतलं पाणी उपसून उंचावरून परत ओतत होती. मासे वर येऊन तोंडं उघडझाप करत होते. मी तशीच खाली भांडायला निघाले.

"भांडण मागून कर," ती म्हणाली. "आधी तांब्या घे. माझा हात राहिला. अन् एकाच जागी ओतू नको."

संध्याकाळपर्यंत आम्ही आळीपाळीनं ओतत होतो. बैठकीत कुणाच्या तरी लक्षात आलं की या पंपांना नळाची जोडच नाही. ते वर्तमानपत्रात गुंडाळून परत मिळाले. चुकलं, असं कुणी म्हणालं नाही. तोवर फळ्यावर तेलरंगात लिहून झालं होतं: विनापरवाना मोटार, तुपे. छत्री त्या आठवड्यातच विरघळली. त्यानंतर दर पाण्याच्या दिवशी नळ सुटला की आत्या स्वतःच पंप बंद करायची, कुणाला आवाज जाऊ नये म्हणून, आणि नळ जाईपर्यंत तांब्यानं ओतत बसायची. मी चिडायचे. ती म्हणायची, "राहू दे. तेवढाच व्यायाम."

फोन आला तेव्हा मी बजाजनगरात पत्रकं वाटत होते. फळ्यामुळं गेली, असं मी म्हणणार नाही. हृदय आधीपासून दुखणाईत होतं. पण तो पाण्याचा दिवस होता. पंप बंद होते, आणि स्टुलाजवळ तांब्या आडवा पडला होता... माणसांतून वाट काढून मी आधी पंपाचं बटण दाबलं.

आता त्या स्टुलावर मी बसते, एक बाही वर सारून. ती असती तर म्हणाली असती, काचेवर मार. या वेळी नाही. त्या बैठकीतले तुम्ही ही पुरवणी वाचता, हे मला माहीत आहे. येत्या पाण्याच्या दिवशी पंप चालू राहतील. नळ सुटला की या. भिंतीला कान लावा, मग दार वाजवा, आत येऊन टाकीत हात घाला. मग माझ्याबरोबर खाली चला. तेलरंग पाण्यानं निघत नाही. टर्पेंटाइन आणि फडकं मी आणून ठेवलंय. पुसायचं तुम्ही.