शंभर लॅप आणि गच्चीवरची खोली

घरात बसून टीव्हीवर गाडी चालवण्यात किस्से कसले होणार, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटायचं. पण आम्ही खेळायचो ती साधी पाच मिनिटांची रेस नव्हती. एन्ड्युरन्स रेस होती. दोन-दोन तास चालायची. एकाच रस्त्यावरून शंभर लॅप, म्हणजे शंभर फेऱ्या मारायच्या, टायर झिजले की पिटमध्ये जाऊन बदलायचे, पुन्हा निघायचं. एक जण चालवणार, बाकीचे कॉटवर बसून बोलणार. दोन तास माणसं एका खोलीत बसली की गाडीपेक्षा जास्त काहीतरी तिथेच घडतं. दर रविवारी एक किस्सा घडायचा, आणि पुढच्या रविवारी तोच थोडा मोठा करून सांगितला जायचा.

खोली होती पंचवटीत, प्रशांतच्या घराच्या गच्चीवर. साल दोन हजार दोन ते सहा. प्रशांत माझा शाळेपासूनचा मित्र. त्याच्या मामेभावानं सिंगापूरहून गेमचं मशीन पाठवलं, सोबत एकच सीडी. ती निघाली जपानी. मेनूपासून सूचनांपर्यंत एक अक्षर कळत नव्हतं.

पहिल्याच रविवारी प्रशांतनं अंदाजानं एक बटण दाबलं आणि रेस सुरू झाली. दहा मिनिटं झाली, वीस झाली. अर्ध्या तासानं त्यानं कंट्रोलर माझ्याकडे दिला.

मी म्हणालो, "ही संपत का नाही?"

"येईल ना आता शेवट."

पाऊण तासानं त्याची धाकटी बहीण वैशाली वर आली. ती कॉलेजात केमिस्ट्री शिकवायची. तिनं दोन मिनिटं टीव्हीकडे पाहिलं आणि विचारलं, "वर कोपऱ्यात चौतीस भागिले शंभर लिहिलंय. ते काय आहे?"

आम्ही दोघांनी तोपर्यंत तो आकडा गाडीचा नंबर समजून सोडून दिला होता.

"बंद कर," मी म्हणालो.

"कशाला?" वैशाली शेजारी बसली. "चौतीस झालेत की. आण इकडे."

एन्ड्युरन्स आमच्या आयुष्यात आली ती अशी. नियमही तिनंच घातला. पॉज करायचा नाही. काहीही होवो, गाडी चालत राहिली पाहिजे.

*

त्या काळात लोडशेडिंग जोरात होतं. पेपरात आलेलं वेळापत्रक आम्ही भिंतीला चिकटवलं होतं, आणि लाइट जाण्याच्या वेळांवर मारलेल्या दोन काळ्या रेघांच्या मधे रेस बसवायचो. कारण मधेच लाइट गेली तर काहीच सेव्ह व्हायचं नाही.

आम्हा मित्रांमधला तिसरा भास्कर. तो एकलहऱ्याला, वीज केंद्रात नोकरीला. गरीब स्वभावाचा माणूस, पण वीज या विषयावर त्याला कुणी काही बोललेलं खपायचं नाही.

एका रविवारी अठ्ठ्याण्णवावा लॅप चालू होता. आम्ही पहिले होतो. आणि खटकन सगळं बंद. टीव्ही काळा, पंखा थांबलेला.

सगळ्यांनी फक्त भास्करकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघता?" भास्कर म्हणाला. "वेळापत्रकात नाहीये हे."

"तेच म्हणतोय आम्ही," प्रशांत म्हणाला. "तुझ्यासमोर झालं."

भास्करला ते फार लागलं. तो उठला आणि त्यानं थेट कंट्रोल रूमला फोन लावला. पलीकडच्या माणसानं सगळे युनिट व्यवस्थित असल्याचं सांगितलं, वर विचारलं, "तुझी आज सुट्टी आहे ना? तब्येत बरी आहे का?"

तेवढ्यात वैशाली गच्चीच्या कठड्याशी गेली. "शेजारच्यांचा रेडिओ चालू आहे," ती म्हणाली.

आम्ही चौघं धडाधडा खाली उतरलो. प्रशांतची आई स्टुलावर उभी होती, हातात ओलं फडकं. दिवाळी जवळ आली म्हणून पंखे पुसायला काढले होते आणि शॉक नको म्हणून मेन स्विच खाली ओढला होता.

"आई," प्रशांत रडायच्या बेतात होता, "शंभरातले सत्त्याण्णव लॅप झाले होते. अठ्ठ्याण्णवावा चालू होता."

आईनं फडकं पिळलं. "मग रडतो काय? एवढा पंखा होऊ दे. राहिलेले तीन नंतर मार."

*

माझा स्वतःचा किस्सा छोटा आहे. मी अंबडला एका कारखान्यात क्वालिटीला होतो. दोन तास बटण दाबून माझ्या उजव्या अंगठ्याला हा एवढा फोड आला. सोमवारी तो आमच्या सेफ्टी ऑफिसरनं पाहिला. माणूस अतिशय काटेकोर. कामावरची इजा लपवणं किती गंभीर आहे, यावर त्यानं मला उभ्यानं ऐकवलं आणि फॉर्म पुढे सरकवला.

मी म्हणालो, "सर, मशीनवर नाही झालं हे."

"मग कुठे झालं?"

खोटं बोलायला सुचेना. मी सगळं खरं सांगितलं. मग फॉर्म परत ओढून घेत त्यानं विचारलं, "किती वेळ सलग?"

"दोन तास."

"दोन तासांत एकही ब्रेक नाही?" तो म्हणाला. "तुमचा सुपरवायझर कोण आहे तिथे?"

मी वैशालीचं नाव सांगितलं.

*

चौथा सुनील. तो मनमाडचा, रेल्वेत होता. दर रविवारी सकाळच्या गाडीनं यायचा आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायचा. चालवायचा बरा, पण अर्धी रेस टाकून स्टेशनला पळायची वेळ त्याच्यावर हमखास यायची.

असाच एकदा तो निघून गेला. आम्ही दुसरे होतो आणि पहिली गाडी दिसत होती. नाशिकरोडला पोचल्यावर त्याला राहवेना. प्लॅटफॉर्मवरच्या फोनवरून त्यानं प्रशांतच्या घरी फोन लावला. प्रशांतनं फोनची जादा वायर गच्चीवरच्या खोलीत ओढून घेतली होती, त्यामुळे घंटा वर वाजली. आम्ही तिघं टीव्हीला चिकटलेलो. चहा घेऊन आलेल्या आईनं फोन उचलला.

"काकू, सुनील बोलतोय. कितवे आहोत?"

"मला काय कळतं त्यातलं? निळी गाडी पळू राहिली."

"आपली लाल."

"लाल?" आईनं टीव्हीकडे नीट पाहिलं. आम्ही त्याच वेळी पिटमध्ये शिरलो होतो. "लाल तर उभी आहे रे. चार माणसं आली. चाकं काढू राहिलीत तिची."

"काढू द्या, काकू. नवी लावली का?"

"थांब, बघते. लावली बाई. भलते चपळ आहेत. आता निघाली."

"निळी कुठंय?"

आणि आईला गोडी लागली. तिनं चहाचा ट्रे खाली ठेवला, स्टूल ओढलं आणि त्याला साग्रसंगीत सांगायला लागली. निळी वळणावर घसरली. लाल जवळ आली. लाल आत घुसली. मधे एकदा ती ओरडली, "अरे, त्याला धक्का देऊ नको, लागेल कुणाला."

आम्ही पहिले आलो. आईनं ते सांगितलं, फोन ठेवला आणि गार झालेला चहा गरम करायला खाली गेली.

दीड तासानं सुनील पिशवी घेऊन पुन्हा दारात उभा.

"गाडी गेली," तो म्हणाला.

प्रशांत म्हणाला, "गेली म्हणजे? पहिलेच तर आलो आपण."

"माझी गेली," सुनील म्हणाला. "समोरून गेली. मी बघत होतो."

*

वैशालीला बघायला पुण्याची मंडळी येणार होती, त्या रविवारी खरं तर रेस लावायचीच नव्हती. पण ती मंडळी पाच वाजता येणार होती आणि आमची रेस पावणेपाचला संपणार होती. म्हणून लावली. मंडळी चारला आली.

वैशालीनं कंट्रोलर माझ्या हातात कोंबला. आमच्यात सगळ्यात वाईट मी चालवायचो. "भिंतीला लावू नकोस," एवढंच म्हणाली आणि साडी नेसायला पळाली. भाऊ म्हणून प्रशांतलाही खाली जावं लागलं. वर मी आणि भास्कर.

अर्ध्या तासानं जिन्यावर पावलं वाजली. खाली वडीलधाऱ्यांनी ठरवलं होतं की मुलाला आणि मुलीला जरा मोकळं बोलू द्यावं. मोकळी खोली म्हणून त्यांना वर पाठवलं होतं, आणि आत आम्ही. भास्कर उठायला लागला. मला उठता येईना, कारण पॉज नाही.

"बसा, बसा," मुलगा म्हणाला. अभिजित त्याचं नाव. चष्मा, इस्त्रीचा शर्ट, हातात रुमाल.

दोघं आमच्या मागे खुर्च्यांवर बसले. त्यानं विचारलं, तुम्हाला वाचनाची आवड आहे का. ती म्हणाली, आहे. तिनं विचारलं, तुमचं ऑफिस घरापासून किती लांब. तो म्हणाला, अर्धा तास. मग प्रश्न संपले. मागं वळून न पाहताही मला कळत होतं की दोघंही टीव्हीकडे बघतायत.

"तुमचा उजवा पुढचा टायर गेलाय," अभिजित म्हणाला.

"अजून दोन लॅप जाईल," वैशाली म्हणाली.

"नाही जाणार."

"मी दर रविवारी चालवते ही गाडी. दोन लॅप जाईल."

"हे चालवतायत तसं चालवलं तर नाही जाणार."

माझा अपमान झाला होता, पण तो बरोबर होता. पुढच्याच वळणाला गाडी सरळ वाळूत गेली. पिटपर्यंत रखडत पोचेस्तोवर चार गाड्या पुढे निघून गेल्या.

मंडळी गेल्यावर प्रशांत वर आला, मागून वैशाली. आम्ही तिघांनी एकदमच विचारलं, "मग?"

ती साडीची पिन काढत म्हणाली, "वाद घालतो."

आमचे चेहरे पडले.

"पण बरोबर घालतो," ती म्हणाली.

त्याच वर्षी लग्न झालं. पुण्यातल्या त्यांच्या घरी आजही गाडी कुणी चालवायची यावरून वाद होतो, पण ती गाडी खरी आहे.

*

प्रशांतच्या वडिलांचं, अण्णांचं नाव अजून आलं नाही, कारण ते आमच्या खोलीत कधी यायचेच नाहीत. अण्णा एसटीचे ड्रायव्हर. सत्तावीस वर्षं पेठ-सुरगाण्याकडचे घाट चालवले. मग एका सकाळी डोळ्यांच्या तपासणीत नापास झाले. आदल्या संध्याकाळी सुरगाण्याहून गाडी आणून लावली होती, ती शेवटची. पुढची तीन वर्षं डेपोत टेबलाशी बसले आणि रिटायर झाले. त्यानंतर त्यांनी घरातल्या स्कूटरलाही हात लावला नाही. गाड्यांचा विषय निघाला की उठून जायचे.

वैशालीच्या लग्नानंतरची गोष्ट. भास्करची ड्यूटी होती, सुनील आला नव्हता आणि प्रशांतचा हात प्लास्टरमध्ये. तरी आम्ही डोंगरातल्या ट्रॅकची रेस लावली. सगळ्यात लांब आणि सगळ्यात अवघड. चार वर्षांत ती आम्हाला एकदाही पूर्ण करता आली नव्हती. दीड तास मी एकट्यानं चालवली. हाताला गोळे आले.

अण्णा गच्चीवर टाकीचा व्हॉल्व्ह बघायला आले होते. दारात थांबले. पाच-दहा मिनिटं नुसते उभे.

"उताराला एवढा ब्रेक मारू नको," ते म्हणाले. "गाडी गिअरवर धर."

मी धरली. गाडी वळणातून नीट निघाली. प्रशांत माझ्याकडे बघायला लागला. पुढच्या लॅपला माझी बोटं आखडलीच.

"अण्णा," प्रशांत म्हणाला, "घेता का जरा? मला एका हातानं नाही जमणार."

मला वाटलं, आता जातील खाली. त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या, खुर्ची टीव्हीच्या अगदी जवळ ओढली आणि हात पुढे केला.

पहिला लॅप त्यांनी बैलगाडीसारखा चालवला. सगळे आम्हाला मागे टाकून गेले. दुसऱ्या लॅपला भिंतीपासून हातभर अंतर. चौथ्या लॅपपासून रस्ता पाठ झाला होता. पाठ ताठ, नजर समोर, अंगठे अगदी हलके. त्यांचे टायर माझ्यापेक्षा दुप्पट टिकले. पुढे गेलेल्या गाड्या एकेक करून टायर बदलायला थांबत होत्या आणि अण्णा चालतच होते. आम्ही सहाव्याचे चौथे झालो, चौथ्याचे दुसरे.

शेवटच्या लॅपला मागून एक गाडी चिकटली.

"अण्णा, दाबा," प्रशांत म्हणाला. "त्याला पुढे जाऊ देऊ नका."

"जाऊ दे त्याला," अण्णा म्हणाले. "त्याला लय घाई हाय."

त्यांनी खरंच बाजू दिली. आम्ही तिसरे आलो. गाडीला एक ओरखडा नव्हता. टीव्हीवर कसलेसे फटाके उडायला लागले.

अण्णांनी कंट्रोलर मांडीवर ठेवला. खिशातून रुमाल काढून चेहरा पुसला. मग खुर्चीतच वळून मागे पाहिलं. आधी आम्हा दोघांकडे, मग आमच्या मागं, भिंतीपर्यंत, सावकाश.

"चला, आलं," ते म्हणाले. "कोणाचं काय राहिलं नाय ना मागं?"

प्रशांतनं कॉटखाली वाकून पाहिलं.

"नाही, अण्णा," तो म्हणाला. "सगळे उतरले."