बिनतिखटाचा डबा

दुधी नुसत्या मिठात शिजवला की त्याला ओल्या पोत्यासारखा वास येतो. हे मला साठी उलटल्यावर कळलं. तोवर आमच्या जळकोटच्या घरात दुधी तसा कधी शिजलाच नव्हता. आमच्याकडं आधी तेल तापतं, मग त्यात लसूण, मग काळं तिखट, आणि त्यानंतर भाजी कोणती आहे ते बघायचं. दर उन्हाळ्यात मी खोबरं, मिरच्या, दगडफूल भाजून तिखट करते तेव्हा शेजारची घरंसुद्धा शिंकतात. त्याच हातानं मी सुनेसाठी पहिल्यांदा बिनतिखटाचा दुधी केला, मीठ बघायला चमचाभर तोंडात घातला, आणि तो गिळवेना. जिभेवर काहीतरी बुळबुळीत, कोमट, बेचव बसून राहिलं. मी मोरीवर जाऊन थुंकले, चूळ भरली, आणि तीच भाजी तिच्या ताटात वाढली.

सून बेंबळीची. लग्न होऊन आली तेव्हा माझ्यापेक्षा तिखट खायची. भाकरीवर ठेचा, ठेच्यावर कच्चं तेल, वर लिंबू पिळलेलं. नाकातून पाणी वाहत असायचं आणि ही म्हणायची, "आत्याबाई, अजून थोडा हाय का?" मला अशी खाणारी माणसं आवडतात. मी नुकतीच शाळेतल्या नोकरीतून निवृत्त झाले होते, मुलगा नोकरीला नळदुर्गला जायचा, दुपारी घरात आम्ही दोघीच. आमची ओळखच ठेच्यावर झाली म्हणा.

मग तिला लघवीचा त्रास सुरू झाला. सारखी जायची, थेंबभर व्हायची, आणि बाहेर आली की ओटीपोट दाबून भिंतीला टेकून उभी राहायची. आधी वाटलं, उन्हाळी लागली. धन्याचं पाणी झालं, सब्जा झाला. गावातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मग नळदुर्गच्या डॉक्टरांनी दुसऱ्या दिल्या. तपासणी केली की रिपोर्ट चांगला यायचा आणि दुखणं तसंच राहायचं. रिपोर्ट चांगला म्हटल्यावर लोकांनी ठरवून टाकलं की नखरे आहेत. मला तसं कधी वाटलं नाही. बाथरूमचं दार बंद असताना आतून जे कण्हणं ऐकू यायचं ते नखऱ्याचं नव्हतं.

शेवटी सोलापूरच्या डॉक्टरबाईंनी दुर्बीण घालून बघितलं. लघवीच्या पिशवीचं आतलं अस्तर हुळहुळं झालंय, त्या म्हणाल्या. जंतू नाहीत, गाठ नाही, पण खाल्लेलं तिखट, आंबट त्याला झोंबतं. औषध देते, पण अर्धं काम स्वयंपाकघरात होईल. तिखट बंद. चिंच, लिंबू, टोमॅटो, दही, ताक, लोणचं, चहा, सगळं बंद.

"मग खायचं काय?" माझ्या मुलानं विचारलं.

बाई म्हणाल्या, "प्रत्येकाला वेगवेगळ्या गोष्टी बाधतात. आधी अगदी साधं द्या. बरं वाटलं की एकेक पदार्थ देऊन बघा. ज्यानं त्रास होईल तो सोडा."

 परतताना बसस्टँडवर चहावाला आला तेव्हा सुनेनं तोंड फिरवलं.

अगदी साधं म्हणजे काय असतं ते पुढं मी रोज बघितलं. दुधी, दोडका, मऊ भात, मुगाचं पिवळं पाणी. दोडक्याच्या फोडी शिजून लोळागोळा व्हायच्या आणि पातेल्याच्या कडेला हिरवट फेस चिकटायचा. पातेलं घासताना तो बोटांना लागला तरी अंगावर काटा यायचा. मी आयुष्यभर पोरांची नाकं पुसली, शाळेत ओकलेलं धुतलं, कशाची शिसारी बाळगली नाही. पण या पांढऱ्या, गुळगुळीत जेवणाची मला खरोखरच किळस येऊ लागली. आणि ते मी दुसऱ्या माणसाला दोन्ही वेळेला वाढत होते. ती घास तोंडात घ्यायची, चावायची नाही, पाण्याबरोबर ढकलायची. डोळे भरून यायचे. शेजारच्या चुलीवर मुलासाठी वांगी शिजत असायची आणि त्या वासानं ती उठून ओसरीत जायची.

अशात विहीणबाई बेंबळीहून लेकीला बघायला आल्या. पिशवीतून त्यांनी एक काळपट बाटली काढली.

"विहीणबाई, हे काढा हाय. आमच्या तिकडच्या एका माणसानं दिलाय. खडा असंल तर विरघळतो."

"खडा न्हाय तिला. दुर्बिणीतनं बघितलंय."

"डाक्टरला काय दिसतंय? आन् हे असलं मिळमिळीत खाऊन कुणी बरं होतं का? पोरीच्या तोंडावरचा रंग बघा." त्यांनी बाटलीचं बूच काढलं. सडलेल्या चिंचेचा, शेणाचा आणि कुठल्यातरी मुळीचा मिळून जो वास सुटला, तो मला आजही जसाच्या तसा आठवतो. वर तवंग होता. तवंगात एक मेलेलं चिलट.

मी म्हटलं, "हे तुम्ही पिऊन बघितलंय का?"

"मला काय झालंय?" त्या म्हणाल्या, आणि पेला भरून लेकीपुढं धरला. आईला नाही म्हणायची तिच्यात ताकद नव्हती. नाक दाबून तिनं पेला रिकामा केला. विहीणबाई समाधानानं घरी गेल्या, आणि इकडं ती पोर पुढचे कितीतरी दिवस अंथरुणात मुटकुळं करून पडली. उरलेला काढा मी नालीत ओतला. नालीची घाण बरी असं वाटलं.

त्यानंतर तिच्या भावाचं लग्न निघालं. बेंबळीजवळच्याच कार्यालयात. लग्नाच्या आधी विहीणबाईंचा फोन आला.

"डबा-बिबा आणू नका हं. पाव्हण्यांपुढं बरं दिसत न्हाय. तिच्यापुरतं सादं वरण मी सांगून ठेवलंय आचाऱ्याला."

मी बरं म्हटलं, आणि डबा भरलाच. मुगाची खिचडी, तूप, लाल भोपळ्याची भाजी. साडीच्या घडीखाली पिशवीत तळाला ठेवला.

पंगतीला टेबलं मांडली होती. आम्ही दोघी शेजारी बसलो, समोर तिची चुलती आणि नात्यातल्या बायका. विहीणबाई स्वतः वरणाची बादली घेऊन आल्या आणि लेकीच्या भातावर त्यांनी मोठ्या कौतुकानं पळी ओतली. सादं वरण ते. त्यात टोमॅटोची सालं तरंगत होती आणि मधोमध एक उभी चिरलेली हिरवी मिरची. सुनेनं माझ्याकडं बघितलं आणि हात मांडीवर ठेवले.

"खा की गं," चुलती म्हणाली. तिच्या हनुवटीला श्रीखंड लागलं होतं, बोटांवरून वांग्याच्या रश्श्याचं लाल तेल मनगटाकडं ओघळत होतं. "खात न्हाय, पीत न्हाय, आन् सारखी मुतायला पळती. पोटात पोर टिकंल कसं हिच्या?"

बायका हसल्या. तोंडात घास असताना हसल्या. मला त्या तोंडांच्या आतलं सगळं दिसलं, चावलेली पुरी, लाळ, पिवळं श्रीखंड. माझ्या ताटातली वांग्याची भाजी मला आवडते तशी झणझणीत होती, दोन घास मी खाल्लेही होते. पण त्या क्षणी माझं अन्नावरचं मन उडालं.

मी म्हटलं, "बाई, जेवताना मुताची गोष्ट तुम्ही काढली. आमी न्हाय काढली. आता तोंड मिटून चावा."

पिशवीतून डबा काढला, सुनेचं ताट बाजूला सरकवलं, डबा तिच्यापुढं उघडला. विहीणबाई बादली घेऊन तशाच उभ्या. सून डब्याकडं बघत बसली, हात काही पुढं येईना. सगळं टेबल तिच्याकडं बघत होतं. मग मी माझंही ताट सरकवलं आणि तिच्या डब्यात हात घातला. खिचडी गार होऊन तिचा गोळा झाला होता, वर तुपाचे पांढरे खवले जमले होते. भोपळा पाणी सुटून चिंब. मी मोठा घास घेतला.

"आत्याबाई, तुमी नका खाऊ," ती कानाशी कुजबुजली. "ओकारी येईल तुमाला."

"गप. जेव."

ती जेवली. आम्ही दोघींनी मिळून डबा संपवला. वाढप्यांची ये-जा चालूच होती. मी हात धुतले, कार्यालयाच्या मागं पाण्याच्या टाकीपर्यंत नीट चालत गेले, आणि तिथं सगळं ओकले. सून मागोमाग आलीच होती. तिनं माझी पाठ धरली, पदर सावरला, तांब्याभर पाणी आणलं. मी चूळ भरून वर बघते तर ही तोंडावर हात ठेवून हसतेय. कितीतरी महिन्यांनी हसत होती.

"मी रोज कसं खात असंन, बघा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून मी तो दुधी बंद केला. ज्याची मला किळस येते ते तिला वाढायचं नाही, तिला सोसेल असं दुसरं काहीतरी शोधायचं, असं ठरवलं. तुपात लसूण लाल होईपर्यंत परतून मुगाच्या वरणावर घातला. तिला काही झालं नाही. मग जिरं, मग भरपूर कोथिंबीर. शेंगदाणे भाजून त्याचं कूट भोपळ्यात घातलं, तेही सोसलं. कांद्यानं मात्र त्रास झाला, सोडला. ज्वारीच्या कण्या दुधात शिजवून दिल्या तेव्हा तिनं वाटी दुसऱ्यांदा पुढं केली. औषधंही चालू होती. कशानं किती फरक पडला ते डॉक्टरबाईंनाही सांगता आलं नाही, पण तिचं भिंतीला टेकून उभं राहणं कमी झालं. संपलेलं नाही. मधूनच एखादा आठवडा वाईट जातो, तेव्हा ती कण्यांवरच राहते.

मला अजूनही ते जेवण आवडत नाही. पातेली वेगळी, पळी वेगळी. तिच्या पातेल्यावरचं झाकण काढायची वेळ आली तर मी श्वास धरते, आणि ते तिला माहीत आहे.

यंदाच्या येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, विहीणबाई आमच्या शेतात जेवायला आल्या. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून केलेल्या कोपीत पूजा झाली, मी सगळ्या भाज्यांची मिळून भज्जी आणि ताकातली आंबिल केली होती, सुनेचा डबा वेगळा होता. विहीणबाईंनी मोठ्या हौसेनं एक स्टीलचा डबा काढून लेकीपुढं ठेवला.

"तुझ्यासाठी कण्या केल्यात बघ. तुझी सासू करती तशाच."

झाकण काढलं तर कण्या तांबड्या.

"तिखट घातलंय?" सुनेनं विचारलं.

"चिमूटभर गं. रंगापुरतं. चिमटीनं काय होतंय?"

माझ्या मस्तकात तिडीक गेली. या बाईनं कार्यालयात सगळं बघितलं, लेक अंथरुणात पडल्याचं ऐकलं, आणि तरी हिची चिमूट हलतेच. मी तोंड उघडणार तेवढ्यात सुनेनं डबा उचलून आईच्या पुढं परत ठेवला.

"आई, हे मी खाणार न्हाय. तू खा."

आवाज चढवला नाही, डोळ्यांत पाणी नाही. विहीणबाईंनी माझ्याकडं बघितलं, जणू मीच पढवलंय. मी आंबिलीची वाटी तोंडाला लावली. मग त्यांनीच त्या तांबड्या कण्या भज्जीबरोबर खाल्ल्या. सून आपला डबा घेऊन बांधावर माझ्या मुलाशेजारी जाऊन बसली आणि पायांवर ऊन घेत जेवली.