इर्याबाईंचा लहान बॉयलर

इर्या सालोनेननं अमेरिकेतल्या कॅल्युमेट गावच्या शाळेत एकतीस वर्षं स्वयंपाक केला. आता ती शहात्तरची. घरात एकटी. मे महिन्यात घर गरम ठेवणारा तळघरातला जुना बॉयलर फुटला आणि बॉयलर बसवणारा लिओन बोद्री नवा ठरवायला आला. तोही तिच्याच हातचं जेवून मोठा झालेला.

लिओननं जुन्या बॉयलरच्या पट्टीवरचा उष्णतेचा आकडा वाचला. "तासाला दीड लाख बीटीयूचा होता. तेवढाच बसवू."

"साठ हजारांचा बसव."

"सालोनेनबाई, साठ हजारांत माझं गॅरेज गरम होतं."

"हा बसवला तेव्हा भिंती पोकळ होत्या. खिडक्यांच्या फटींतून बर्फ आत यायचा. आता भिंती भरल्यात, खिडक्या नव्या आहेत. मग पातेलं तेवढंच कशाला?"

तिनं वही पुढे केली. जानेवारीत, बाहेर उणे पंचवीस फॅरनहाइट असताना, ती तळघरात स्टूल टाकून बसली होती. हातात अंडी उकडायचा टायमर. बर्नर पेटला की सुरू, विझला की बंद. तासाभरात जळला तो फक्त बावीस मिनिटं. म्हणजे दीड लाखांतले पंचावन्न हजारच लागले.

"बाकीचा वेळ पेट-विझ, पेट-विझ. त्यातच मेला बिचारा. दहा पोरांची लापशी मी चारशेंच्या पातेल्यात शिजवली का रे कधी?"

"मी लिहून घेईन. घर गार पडलं तर दोष माझा नाही."

तिनं कागदावर सही केली. खाली स्वतःच्या अक्षरात ओळ घातली: घर गरम राहिलं तर श्रेयही त्याचं नाही.

मिलवॉकीहून लेकीचा, लिनेआचा फोन आला. "आई, घर गार पडलं तर माझ्याकडे यायचं. कायमचं. मग वाद नाही."

"गार पडलं तर," इर्या म्हणाली.

पुढच्या जानेवारीत पुन्हा उणे पंचवीस झालं. लिनेआ आदल्या दिवशीच येऊन राहिली होती. आईच्या कपड्यांसाठी मोठी रिकामी बॅग घेऊन. सकाळी ती तळघरातून धावत वर आली.

"आई, तो थांबतच नाहीये! पाऊण तास झाला. दम लागलाय त्याला!"

तिनंच लिओनला बोलावलं. तो आला, खाली गेला, वर आला. बैठकीतल्या तापमापकासमोर उभा राहिला. अडुसष्ट फॅरनहाइट, म्हणजे वीस सेल्सियस. रोज असायचं तेवढंच.

"बिघडलाय ना?" लिनेआनं विचारलं.

लिओननं टोपी काढली. "नाही. आजच्यापेक्षा गार दिवस इथं क्वचितच येतो. आज सलग चालला तरच माप बरोबर."

"त्या कागदावर माझ्या ओळीखाली तुझीही सही हवी होती मला," इर्या म्हणाली. "कॉफी घे."

त्यानं घेतली.  मग लिनेआनं सकाळपासून अंगात ठेवलेला कोट काढला.

दुपारी ती निघाली तेव्हा इर्यानं बॅग उघडली. वेलदोड्याच्या पावाचे चार लोफ आत ठेवले आणि चेन लावली.

"रिकामी नेऊ नकोस," ती म्हणाली. "आणि पुन्हा आणू नकोस."